तोंडाला फेस

'तोंडाला फेस येणे' याचे दोन अर्थ होतात, एक शब्दशः आणि एक दमछाकीचा. दाढीच्या साबणाची गोल वडी घरात आणल्यापासून दुसरा अर्थ मला रोज अनुभवायला मिळाला. पहिला काही केल्या जमेना.

बटण दाबलं की फुस्सकन फेस ओकणारा डबा कपाटात होताच. पण तो गॅसच्या जोरावर फुगलेला आयता फेस, त्यात आपलं कर्तृत्व ते काय? मला वडिलांसारखा फेस हवा होता. ते वडीवर ब्रश फिरवायचे, मग गालांवर, आणि बघता बघता मिशी सोडून सगळा चेहरा पांढराशुभ्र. (मिशी मी त्यांच्याकडून घेतली, फेसाची कला घ्यायची राहिली.)

पहिल्या दिवशी ब्रश नळाखाली धरला आणि तसाच ठिबकत वडीवर फिरवला. फेस आला, नाही असं नाही. पण भांडी घासताना येतो तसा, मोठमोठे बुडबुडे आणि आत नुसती हवा. रेझर टेकेपर्यंत अर्धे फुटले, उरलेले कोपरापर्यंत ओघळले. दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं आणि ब्रश चांगला झटकून घेतला. आता गालावर जे बसलं ते रंगारी भिंतीला लांबी भरतो तसं होतं. रेझर त्यात रुतून बसला.

मग मी अभ्यासाला लागलो, म्हणजे दोष कुणावर ढकलता येईल ते शोधू लागलो. पहिला संशय पाण्यावर. शाळेत पाठ केलेला 'दुष्फेन' हा शब्द इतक्या वर्षांनी कामी आला. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संगनमत करून साका तयार करतात आणि फेसाचा जन्माआधीच निकाल लावतात. म्हणून पिण्याचं, गाळलेलं पाणी घेतलं. तेच बुडबुडे, जरा अधिक शुद्ध.

साबणावर आरोप टिकेना. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा वाटा असतो म्हणून तो चटकन विरघळतो, आणि स्टिअरिक आम्ल भरपूर म्हणून फेस टिकतो. म्हणजे त्या बिचाऱ्याची तयारी होती.

राहिला ब्रश. तो डुकराच्या राठ केसांचा. हे केस पाणी पितात, म्हणून आधी काही मिनिटं भिजत ठेवावे लागतात. नवा ब्रश भिजवला की असा वास सुटतो, जणू केसांचा मूळ मालक न्हाणीघरात हजर आहे. वापरून वापरून केसांची टोकं दुभंगतात आणि मग ब्रश मऊ होतो. माझी सहनशक्ती त्याआधीच दुभंगली.

या सगळ्यात एक अपमान रोजचा. ओरबाडलेला चेहरा पुसून ब्रश धुवायला घेतला की त्यातून फेस निघायचा. दाट, तुकतुकीत, एकही मोठा बुडबुडा नसलेला, आणि संपता संपत नसे. घरात बेसिनची दाढी तेवढी उत्कृष्ट होत होती!

18व्या दिवशी ट्यूब पेटली. ब्रशमध्ये साबण होता, त्याला पाणी मिळत होतं ते दाढी झाल्यावर. आणि पहिल्या दिवशी पाणी होतं तेव्हा साबणच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भिजलेला ब्रश हलकेच झटकला आणि मनात 30 आकडे मोजत वडीवर फिरवला. ब्रशवर लगदा जमला. तो गालावर घेतला. मग ब्रशचं नुसतं टोक पाण्यात बुडवायचं आणि फिरवायचं, पुन्हा बुडवायचं आणि फिरवायचं. तीनदा काही नाही. चौथ्यांदा लगदा सैलावला. पाचव्यांदा त्यावर तुकतुकी आली आणि तो फुलायला लागला. मला हात आवरेना. जबडा झाला, गळा झाला, नाकाखालचा प्रदेश झाला.

"अहो, आत झोप लागली की काय?"

"थांब गं, आलाय!"

"कोण आलंय?"

उत्तर द्यायला तोंड उघडणं शक्य नव्हतं. रेझर ठेवला मात्र, सर्रकन घसरला. गाल, हनुवटी, ओठाच्या वर. कुठेही अडखळला नाही. एक अर्धी गेली हे आरशात दिसलं तेव्हा दुसरी ठेवण्यात अर्थ नव्हता.

दार उघडल्यावर बायको माझ्या नाकाखाली बराच वेळ पाहत राहिली.

"फेस मात्र छान झाला असणार," ती म्हणाली.