‘ऑनलाइनच केलंय ना हे?’

डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

माझी वहिनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, वाळपईपासून बरीच आत. कॉलेजात असतानाच लग्न झालं, मग मूल, मग एका कारखान्यात पॅकिंगला. तिशी ओलांडल्यावर तिने अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा हातात घेतली आणि त्यातला संख्याशास्त्राचा पहिला पेपर ऑनलाइन कोर्स करून पास झाली. चांगल्या मार्कांनी. आज एका औषध कंपनीत क्वालिटी विभागातल्या जागेसाठी तिची मुलाखत होती. समोर तिघे. फाइल चाळता चाळता त्यातल्या एकाने सर्टिफिकेटवर बोट ठेवलं, “ऑनलाइनच केलंय ना हे?” म्हणाला, आणि उत्तर यायच्या आत पान उलटलं.

संख्याशास्त्रावर एक प्रश्न नाही. जागा कसली, तर क्वालिटीची!

बसस्टँडवरून तिचा फोन आला. रडली नाही. “ताई, त्यांनी मला काहीतरी विचारायला हवं होतं गो,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

शिकणाऱ्या बाईला मान द्यावा हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही सगळी आपलीच माणसं. पण त्या खोलीत जे तिघे बसले होते तेही शिकलेलेच होते. म्हणून वहिनी काय शिकली ते तरी सांगते.

मागच्या काजूच्या हंगामात मी माहेरी गेले होते. ओसरीवर बियांची पोती, मागच्या दारी बोंडूंचा आंबूस वास, आणि वहिनी पोत्यांच्या मधोमध बसून एकेक बी छोट्या डिजिटल काट्यावर ठेवून आकडा वहीत मांडतेय. मी म्हटलं, “एकेक बी मोजून कोण विकतं?” तर म्हणाली, “असाइनमेंट आहे.” आपल्या आसपासचं काहीतरी मोजा, सरासरी काढा, स्टँडर्ड डेव्हिएशन (म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढा, असं त्यांना सांगितलं होतं. हिच्या आसपास काजू होती, हिने काजू मोजली.

ती पोत्यात वरवर हात घालून बिया काढत होती. आई आतून बघत होती, तिथूनच ओरडली, “वरच्या कसल्या घेतेस? तळाच्या काढ!” आईने जन्मभर दुकानावर बी घातलीय. घेणारा वरची बी बघतच नाही. कोपरापर्यंत हात खुपसतो, मधली काढतो, तळाची काढतो, हातात खुळखुळवून बघतो. वर टपोरी सुकी आणि खाली ओली बारीक भरून आणणारे त्याने पुष्कळ बघितलेले असतात. वहिनी क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, परवाच्या व्हिडिओत सरांनी हेच सांगितलं. सँपल रँडम पाहिजे.” मग तिने पोतं अंगणात ओतलं, पसरलं, दोन्ही हातांनी कालवलं, आणि पहिल्यापासून मोजायला बसली. आधीची पानं फाडून टाकली.

मला सांगा, वर्गात बसून ही व्याख्या घोकलेल्या किती जणांनी आपली मोजलेली पानं फाडली असती?

भावाकडे जुन्या झाडांची बी वेगळी असते, नव्या कलमांची वेगळी. दोन्ही पोत्यांची सरासरी जवळजवळ सारखी निघाली. पण कलमांच्या बिया एका मापाच्या, आणि जुन्या झाडांच्या काही टपोऱ्या, काही अगदी किडमिड्या. सरासरीत ते दिसतच नाही, स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये लगेच दिसतं. वहिनी भावाला समजावत होती आणि भाऊ, जो हिच्या अभ्यासाला आधी नाक मुरडायचा, तोही मान डोलवत होता. “म्हणजे दुकानदार मिसळ माल म्हणतो ते हेच,” म्हणाला. हेच!

आता औषध कंपनीवाल्यांसाठी. गोळ्यांच्या वजनाची जी साधी तपासणी असते, इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी नियमग्रंथात दिलेली, ती काय आहे? वीस गोळ्या रँडम उचलायच्या, एकेक करून वजन करायचं, सरासरी काढायची. गोळी २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर सरासरीपासून ५ टक्क्यांहून जास्त लांब दोनपेक्षा अधिक गोळ्या जाता कामा नयेत, आणि त्याच्या दुप्पट लांब एकही नको. म्हणजे पोतं ओतायचं, कालवायचं, एकेक बी काट्यावर ठेवायची. जे काम तिने ओसरीवर मांडी घालून केलं तेच काम करायला त्यांना माणूस हवा होता. माणूस समोर बसला होता. त्यांनी पान उलटलं.

हो, ऑनलाइनमध्ये ढापणारे असतात. असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, माझ्याही फोनवर आलीयत. मान्य. पण कॉपी काय ऑनलाइनबरोबर जन्माला आली? आणि उत्तरं फॉरवर्ड करून कोर्स पास होतो ही समजूतच चुकीची आहे. सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल २०१७पासून चालू आहे. तिथे असाइनमेंटचे मार्क थोडे, मोठा वाटा शेवटच्या परीक्षेचा, आणि पदवीत धरलं जाणारं क्रेडिट हवं तर ती परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यायची. यूजीसीने २०२१ साली नियम केला की एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट विद्यार्थी स्वयम्‌मधून घेऊ शकतो. म्हणजे सरकार म्हणतं चालेल, विद्यापीठ म्हणतं चालेल, आणि मुलाखत घेणारा म्हणतो ‘ऑनलाइनच ना’. वहिनीनेही तिची परीक्षा केंद्रावर बसूनच दिली. पहाटेच्या कदंबा बसने गेली, मुलाला आईकडे ठेवून.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागेल. ऑनलाइनमध्ये विचारायला माणूस नसतो. हा खरा तोटा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही, सगळे कॉपीवरच घसरतात. तिचं स्टँडर्ड डेव्हिएशनचं एक उत्तर कॉम्प्युटर चूक दाखवत होता. चूक म्हणजे फक्त लाल फुली. का चूक, ते नाही. रात्री मूल झोपल्यावर ती पुन्हा पुन्हा तेच गणित करायची, पुन्हा तीच फुली. वर्गात असती तर सर फळ्याजवळ बोलावून पटकन दाखवते. इथे ती एकटी.

मग तिने काय केलं? पाच बिया घेतल्या. हिशेब सोपा पडावा म्हणून निवडून घेतल्या, ४, ५, ६, ७ आणि ८ ग्रॅमच्या. सरासरी ६. प्रत्येकीचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग केला, ४, १, ०, १, ४. बेरीज १०. तिला पाचने भागलं तर २, वर्गमूळ १.४१. चारने भागलं तर २.५, वर्गमूळ १.५८. कोर्सला १.५८ हवं होतं. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळे फॉर्म्युले आहेत. एकाच्या शेवटी ‘पी’, तो एकूण संख्येने भागतो. दुसऱ्याच्या शेवटी ‘एस’, तो एक कमी करून भागतो. ती ‘पी’ वापरत होती. का एक कमी, हे शोधायला तिने आणखी काही रात्री घालवल्या, आणि मग मला फोनवर समजावलं. आपण अख्ख्या पोत्याबद्दल बोलतोय, पण हातात आहेत पाचच बिया. फरक मोजतोय तो त्या पाचांच्याच सरासरीपासून, आणि त्या पाच बिया स्वतःच्या सरासरीच्या जवळच असणार. म्हणून पोत्यातली खरी विविधता आहे त्याहून कमी दिसते. एक कमी करून भागलं की ती तूट भरून निघते.

मी बी.कॉम. केलंय, वर्गात बसून. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सूत्र दिलं होतं, ते पाठ केलं, पेपर दिला. माझ्या सर्टिफिकेटवर आजवर कोणी बोट ठेवलं नाही.

आता थोडी शांत झालेय. चहा घेऊन आले.

आज २९ जून. २००७पासून आपल्याकडे हा सांख्यिकी दिन म्हणून पाळतात, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्मदिवस. आणि १९६६ साली याच तारखेला आपले डी. डी. कोसंबी गेले. गोव्यात जन्मलेले, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी काय केलं होतं माहीत आहे ना? तक्षशिलेला सापडलेली जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली नाणी, एकेक करून तोलली. टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं सारखी असतात, पण हातोहात फिरून ती झिजतात. जितकी जास्त वर्षं फिरली तितकी सरासरी खाली येते आणि एकमेकांतला फरक वाढतो. त्या दोन आकड्यांवरून कुठली नाणी जुनी आणि कुठली नवी याचा क्रम त्यांनी लावला. काटा, वही, सरासरी, डेव्हिएशन. वहिनीच्या ओसरीवर याहून वेगळं काय होतं? मला खरंच विचारायचंय. कोसंबींच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरतो, आपण अभिमानाने जातो, आणि वाळपईची बाई तेच हत्यार शिकून आली तर तिला प्रश्नही विचारावासा वाटत नाही?

आणि हा विषय काही केवळ प्राध्यापकांनी उभा केलेला नाही. संख्याशास्त्रातली टी-टेस्ट ही चाचणी ज्याने शोधली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. हातात थोडेच नमुने असताना निष्कर्ष किती खात्रीचा, हा त्याचा रोजच्या कामातला प्रश्न. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने लेख छापला. कारखान्यातला माणूस. तो मध्ये काही काळ लंडनला मोठ्या प्राध्यापकाकडे राहून शिकला, हेही खरं. वहिनीलाही असा कोणी मिळता तर बरंच झालं असतं. पण म्हणून मिळेल त्यातून शिकणाऱ्याला हलकं लेखायचं का?

गोव्यातल्या लोकांनी तरी हे बोलू नये. १९६१च्या आधी कला-विज्ञानाचं कॉलेज हवं तर मुलं बेळगाव, धारवाड, मुंबई गाठायची. ज्यांना जमलं नाही ती घरी राहिली, त्यात मुली किती असतील ते सांगायला नको. २०२० साली सांगे-काणकोणकडची मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, पावसात, छत्री धरून. आपण ते फोटो शेअर केले, हळहळलो, शाबासकी दिली. त्याच मुलांच्या मार्कशीटवर आता तुम्ही ‘ऑनलाइन बॅच’ म्हणून नाक मुरडता.

वहिनीच्या घरी अजूनही मोठा पाऊस लागला की वीज जाते आणि पाठोपाठ रेंज. ती व्हिडिओ कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डाउनलोड करायची आणि घरी येताना बसमध्ये बघायची. बाजूची बाई विचारायची, “सिरियल गो?” ही सांगायची, “नाय, प्रोबॅबिलिटी.”

त्या मुलाखतवाल्याचा मी सकाळपासून इतका राग राग केलाय. तो वाईट माणूस नसेलही. दिवसभर फाइली बघून कंटाळला असेल, खोटी सर्टिफिकेटं आणणारेही त्याच्याकडे येत असतील. असोत. त्यावर उपाय होता, आणि तो सोपा होता. विचारायचं. वीस वजनं लिहिलेला कागद पुढे सरकवायचा आणि पेन द्यायचं. ढापून आलेली असती तर लगेच कळलं असतं. वर्गात बसून पास झालेल्यांनाही तोच कागद द्या, हवं तर मलाही द्या. मग बघू कोण ‘पी’ लावतो आणि कोण ‘एस’.

तुमच्यापैकी जे भरतीला बसतात (आणि या यादीत तसे बरेच आहेत, मला माहीत आहे), त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढं करा.

आणि दुसरं. जुलैचं सत्र तोंडावर आलंय. वाळपई, होंडा, साखळी या बाजूच्या कोणाला संख्याशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन करायचा असेल आणि विचारायला कोणी नाही म्हणून धीर होत नसेल, तर मला इनबॉक्स करा. मी दुपारीच वहिनीशी बोलले. रविवारी ती मोकळी असते, जेवणं आटोपल्यावर ओसरीवर बसायला तयार आहे. फी नाही. वही आणि साधा कॅल्क्युलेटर आणा, एक्सेल नंतर बघू. लहान मुलं असतील तर त्यांनाही घेऊन या, आई सांभाळेल.