अध्यक्षाशिवाय पांदण

शेतात जायच्या वाटेच्या, म्हणजे पांदणाच्या कामासाठी गट काढायचा, इथवर पानठेल्यावर सगळ्यांचं जमलं होतं. अडलं ते अध्यक्षावर. सुधाभाऊंचं म्हणणं सरळ होतं, "अध्यक्ष नसला तं मुरुमाचा टिप्पर कोणाच्या नावानं बोलवाचा? आन् पैसे बुडाले तं गचांडी कोणाची धराची?"

बंड्या पुण्याची नोकरी घरून करतो. तो म्हणाला, "अध्यक्ष कायले पायजे? हिशोब सगळ्यायच्या मोबाइलवर, मतबी मोबाइलवर. बिटकॉइन हे कॉम्प्युटरवरचं चलन 2009 पासून चालू हाय, त्याचा अध्यक्ष कोण? ज्यानं काढलं तो सातोशी नाकामोतो कोण हाय, हेबी कोणाले माहीत नाही."

"म्हणूनच मी त्यात रुपया टाकत नाही," ठेलेवाला चुना लावता लावता बोलला.

गुरुजींनी विचारलं, की गडबड झाली तर निस्तरतं कोण? बंड्याचं एक बरं आहे, आपल्याच बाजूची उणी गोष्टही तो लपवत नाही. त्यानं सांगितलं, 2016 साली इथेरियमवर, म्हणजे बिटकॉइनसारख्याच सामायिक हिशोबाच्या दुसऱ्या एका साखळीवर, 'द डीएओ' नावाचा सामायिक गल्ला उभा राहिला होता. त्याला ना संचालक, ना व्यवस्थापक. पैसे कुठे गुंतवायचे ते पैसे टाकून टोकन घेणाऱ्यांनी मतं देऊन ठरवायचं आणि नियम सगळे प्रोग्रॅममध्ये. जूनमध्ये कोणीतरी त्यातली फट हेरली. खात्यातली शिल्लक कमी होण्याआधीच तेच पैसे पुन्हा मागायचे, पुन्हा मागायचे. असं करत सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) बाजूला काढले. जुलैत इथेरियमवाल्यांनी साखळीच बदलून तो व्यवहार फिरवला. ज्यांना पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले. तीच आजची इथेरियम क्लासिक.

"फिरवा म्हणून पुढं कोण होतं?" सुधाभाऊ.

"इथेरियम ज्याच्या डोक्यातून निघालं तो विटालिक बुटेरिन, आन् त्याच्यासंगचे डेव्हलपर. पण लोकायचं मत घेतलं होतं."

"मंग अध्यक्ष होता ना बे! फक्त पाटी नव्हती."

बंड्या गप्प. इथे मी सुधाभाऊंच्याच बाजूचा. बिनपाटीचा अध्यक्ष जास्त जड जातो, कारण त्याला उतरवायचा नियमच कुठे लिहिलेला नसतो. आपल्याकडच्या कितीतरी मंडळांत हीच तऱ्हा: कागदावर सगळे सारखे, आणि फोन मात्र एकालाच.

गुरुजींना मात्र दुसरंच सुचलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट. (1975 पासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात बसून हे बोलणं म्हणजे कमालच, पण असो.) 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालेली ही चळवळ. प्रत्येक गट आपला कारभार आपण पाहतो, वरून हुकूम नाही. ज्यांच्याकडे जबाबदारी ते सेवक, मालक नाहीत, कामं आलटूनपालटून. आणि बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. गुरुजी म्हणाले, "कोणी लाख रुपये घेऊन आला तरी नाही म्हणतात. पैसे देणारा उद्या खुर्ची मागतेच."

मला हे मोबाइलवरच्या मतदानापेक्षा पक्कं वाटतं.

मग गाडी साहजिकच मेंढा (लेखा) वर आली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गाव. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. द्यायला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. तिथे बहुमत चालत नाही, सगळ्यांचं जमेपर्यंत ठराव होत नाही. अभ्यासगट वेगळा, तो नुसता चर्चा करतो, निर्णय घेत नाही.

"मेंढ्याच्या देवाजी तोफांचं नाव साऱ्या महाराष्ट्राले माहीत हाय. ते नेते नाही तं कोण?" सुधाभाऊ हटायला तयार नाहीत.

"मान हाय त्यायले," गुरुजी म्हणाले, "पण एकाच्या मानावर ठराव होत नाही. त्यायलेबी बाकीच्यायले पटवून द्या लागते."

तोवर कोपऱ्यात गुपचूप खर्रा घोटत बसलेला गोपाल बोलला, आणि सगळ्या चर्चेचं मूळच हललं. "एकानं नाही म्हटलं की काम थांबते, असंच ना? मंग ज्यानं पांदण नांगरून आपल्या धुऱ्यात घेतलं, तोच पयले नाही म्हणन."

नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

बंड्या म्हणाला, त्याला मत नको. सुधाभाऊ म्हणाले, मग हे सगळ्यांचं कायचं? गुरुजींनी तहसीलदाराची आठवण दिली. 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे, वहिवाटीचा अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देऊ शकतो. म्हणजे मेंढ्यालाही पाठीशी कायदा लागला, आपल्यालाही लागेल. पण अर्ज टाकला की त्या घराशी पिढीभराचं वैर. आधी बोलून पाहायचं, असं ठरलं.

"कोण जाईन?" गोपालनं विचारलं.

सगळ्यांनी सुधाभाऊंकडे पाहिलं. "हे पाहा," ते म्हणाले, "आता अध्यक्ष पायजे झाला."

बंड्या हसला नाही. तो म्हणाला, तीन जण जाऊ, त्यात एक पांदण नांगरणाऱ्याच्या भावकीतला. पुढच्या खेपेला दुसरे तीन. वर्गणीची वही ठेल्यावरच ठेवायची, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. ठेलेवाल्यानं लगेच सांगून टाकलं की वही ठेवीन, पैसे ठेवणार नाही.