‘छोट्या धंद्याला कोविडात एक रुपया मिळाला नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

कुठल्या नव्या तापाची बातमी टीव्हीवर आली, की तो मेसेज आमच्या ब्लाउज, फॉल-पिको करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर येऊन पडतो. या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. खाली चौघींनी ‘अगदी खरं आहे ताई’ लिहिलेलं बघितलं आणि मी मशीन बंद करून लिहायला बसले.

मेसेजात म्हटलंय ते थोडक्यात असं: कोविडात शिलाई, बुटीक, चप्पल, साडी असल्या छोट्या धंद्यांना सरकारनं एक रुपया दिला नाही, २० लाख कोटी सगळे कारखानदारांनी नेले. अमेरिकेत शिंप्यालासुद्धा फुकट पैसे वाटले. हप्ते माफ म्हणून सांगितलं आणि मागून व्याज लावलं. आपल्यासारख्यांना तारण आणि जीएसटीशिवाय बँक दारात उभं करत नाही. आणि शेवटी, ‘पण काळजी नको, आमच्यामार्फत २ लाखांचं विनापरतीचं कोविड अनुदान अजून मिळतं, फाईल चार्ज फक्त २,५००.’

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं शिलाईचं दुकान आहे. तीन मशिनी, दोन बायका कामाला, शिवाय घरून हुक-काज करणारी एक. लॉकडाऊन मी त्या गल्ल्यावर बसून काढलाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

एक रुपया मिळाला नाही, याबद्दल आधी. यातलं खरं आहे तेवढं मान्य करते. २०२० च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या केंद्राच्या पॅकेजात छोट्या दुकानाच्या हातावर थेट रोख ठेवणारं काही नव्हतं. होतं ते बहुतेक कर्ज आणि कर्जाची हमी. आणि आमचं दुखणं काय होतं? २४ मार्चला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडवा, अक्षय तृतीया, मेमधली लग्नं, या दीड महिन्यात आमचं वर्षाचं निम्मं पोट भरतं. कापलेले ब्लाउज तसेच पडून राहिले. गिऱ्हाइकाचं लग्नच पुढं ढकललं, तर ती ब्लाउज न्यायला तरी कशाला येईल? अशा वेळी ‘कर्ज घ्या’ ऐकलं की राग येतो. मलाही आला होता.

पण त्या कर्जाच्या अटी वाचल्या का कुणी? आम्ही सगळे ज्याला कोविड लोन म्हणायचो, ती ईसीएलजीएस, म्हणजे केंद्राच्या हमीवर धंद्याला अडचणीत कर्ज देणारी योजना. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर धंद्याचं जेवढं कर्ज शिल्लक, त्याच्या २० टक्के नवीन पैसे. नवं तारण नाही, हमीची फी नाही. चार वर्षांत फेडायचं, पहिलं वर्ष मुद्दल नाही, फक्त व्याज. बँकेला ९.२५ टक्क्यांच्या वर जाता येत नव्हतं. पैसे बुडाले तर बँकेला पूर्ण हमी केंद्राची. मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं बँकेचं कर्ज, घेतलेलेही त्यात होते. माझं मशिनींसाठी काढलेलं मुद्राचं कर्ज २,६०,००० शिल्लक होतं, म्हणून मला ५२,००० मिळाले. त्यातून दुकानाचं भाडं गेलं आणि दोघींचा पगार थांबला नाही.

आता सावकाराशी ताडून बघा. आमच्या भागात अडीनडीला महिना ५ टक्क्यांनी पैसे मिळतात. ५२,००० वर महिन्याला २,६०० नुसतं व्याज. बँकेचं ९.२५ टक्क्यांनी होतं ४०१. याला कुणी ‘काही मिळालं नाही’ म्हणत असेल, तर तिनं त्या महिन्यात सावकाराची पायरी चढलेली नाही.

खरी फट दुसरीकडेच होती. तिच्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. ज्याच्या नावावर २९ फेब्रुवारीला बँकेचं कर्जच नव्हतं, त्याला ईसीएलजीएस शून्य. सुभाषनगरातले एक काका कोल्हापुरी चप्पल करतात, बापजाद्यांपासून. भांडवल भिशीतून नाहीतर पतसंस्थेतून. कधी कुणाचे पैसे बुडवले नाहीत, पण बँकेच्या कागदावर ते नव्हतेच. त्यांचा कातड्याचा माल घरात पडून, पर्यटक नाहीत, चप्पल लाईन बंद, आणि हक्कानं मागायला कुठलं दार नाही. माझ्यापेक्षा गरज त्यांना जास्त होती. पैसा होता, पण तो कागद बघून चालत होता. मग कागद करायला हवा ना? हा मेसेज वाचून माणूस उलट म्हणतो, ‘काय उपयोग, मिळत तर काहीच नाही.’

त्याच काकांची भावजय महाद्वार रोडला चपला मांडून बसते. तिला मिळाले. १ जून २०२० ला सुरू झालेल्या, फेरीवाल्यांना कर्ज देणाऱ्या पीएम स्वनिधी योजनेतून १०,०००. महापालिकेचा विक्रेत्याचा दाखला नाहीतर शिफारसपत्र, आणि २४ मार्च २०२० च्या आधीपासून बसत असल्याचा पुरावा एवढंच लागलं. वेळेत फेडलं की व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढचं कर्ज तेव्हा २०,०००, मग ५०,०००. आता पहिला टप्पा १५,००० चा आणि दुसरा २५,००० चा झालाय आणि योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलीय. महाद्वारावर कापड, ओढण्या, बांगड्या घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांना हे अजूनही लागू आहे.

आणि रोख अजिबातच मिळाली नाही, असंही नाही. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा निर्बंध जाहीर झाले, आणि त्याच भाषणात नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, हे मीही म्हणते. पुढं जुलैत पंचगंगा चढली. कोविडानं मोडलेलं कंबरडं अजून सरळ झालं नव्हतं तोवर शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नरला पाणी. तेव्हा राज्यानं दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीवाल्यांना १०,००० जाहीर केले. हे अनुदान होतं, परत करायचं नव्हतं. आम्ही जिच्याकडून अस्तर, लेस, बटणं घेतो, तिनं चिखलातल्या गठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवले आणि पंचनामा होईपर्यंत दुकान धुतलं नाही. शेजारच्यानं देवाचं नाव घेऊन पहिल्याच दिवशी सगळं झाडून, धुऊन घेतलं. पंचनाम्याला दाखवायला त्याच्याकडे ओल्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

ज्यांची शिलाई युनिटं मोठी आहेत आणि कामगारांचा पीएफ भरतात, त्यांच्यासाठी आणखी एक: शंभरपर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५,००० च्या आत पगार घेणारे असतील, तर मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात पीएफचे दोन्ही वाटे, मिळून २४ टक्के, केंद्रानं भरले.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. छोट्या धंद्यांना कामगारांचे पगार चालू ठेवता यावेत म्हणून काढलेली तिथली पीपीपी योजना मुळात कर्जच होती, १ टक्क्याची. पैसा ठरलेल्या मुदतीत बहुतांश पगारावर खर्च केल्याचा हिशेब दिला तरच माफ. २०२० मध्ये पहिला ३४९ अब्ज डॉलरचा निधी १३ दिवसांत संपला आणि कित्येक छोटे दुकानदार रांगेतच राहिले. या योजनेत फुकट वाटप तिथंही नव्हतं. आपल्याकडे फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडियानं छोट्या डिझायनरांसाठी कोविड-१९ सपोर्ट फंड काढला होता, पण तोही अर्ज करणाऱ्यांसाठीच.

हप्ते माफ झाले, असं रिझर्व्ह बँकेनं कधीच म्हटलं नव्हतं. २७ मार्च २०२० ला तीन महिने, मग २२ मेला आणखी तीन, असे ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती. व्याज चालूच राहणार, हे त्याच आदेशात होतं. माझ्या मुद्राच्या कर्जावर महिन्याला साधारण २,४०० व्याज साचत गेलं. व्याजावरचं व्याज मात्र सरकारनं नंतर भरून दिलं, २ कोटींपर्यंतच्या कर्जांना. माझ्या खात्यात नोव्हेंबरात ३३२ रुपये आले. पतसंस्थांना रिझर्व्ह बँकेचा हा आदेश लागूच नव्हता, कारण त्या तिच्या अखत्यारीत येत नाहीत. ग्रुपवर ‘माझा हप्ता तर कापलाच’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचं कर्ज पतसंस्थेचं होतं. चिडण्याआधी पासबुकावर कुणाचं नाव आहे ते बघा.

तारण आणि जीएसटीच्या मुद्द्यावर मी स्वतः खूप सोसलंय. ज्या शाखेत माझं खातं, तिथल्या साहेबांनी मला ‘घराचा उतारा आणा’ म्हणून तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी विचारलं, ‘साहेब, हे लेखी देता का?’ लेखी कुणी दिलं नाही, अर्ज घेतला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० पासून बँकांना सांगितलंय. मुद्रा तर बिनतारणाचीच. जीएसटीचं म्हणाल, तर शिलाईच्या सेवेला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि ज्याला नोंदणी लागूच नाही त्याला ईसीएलजीएसमध्येही ती अट नव्हती. बँकेनं तरी अडवलं, तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. हेलपाटे होतात, हे मला ठाऊक आहे. गल्ल्यावर दुसरं कुणी नसताना बँकेत अर्धा दिवस काढणं म्हणजे काय, हे साहेबांना कळत नाही, आपल्याला कळतं.

आता तो शेवटचा परिच्छेद. सगळा मेसेज त्याच्यासाठीच लिहिलाय. आधी ‘कुणी काही देत नाही’ म्हणून तुम्हाला हताश करायचं, आणि मग २,५०० घेऊन दार दाखवायचं. बायांनो, असं दार नाही. ईसीएलजीएस ३१ मार्च २०२३ ला बंद झाली, तिचा फॉर्म आज कुणी विकत असेल तर तो खोटा आहे. मुद्रात अनुदान नसतं. पीएमईजीपी या धंदा उभारायला कर्ज देणाऱ्या केंद्राच्या योजनेत असतं, पण ते मुख्यतः नव्या युनिटला. शहरातल्या बाईला प्रकल्पाच्या २५ टक्के, खेड्यातल्या बाईला ३५. ती रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते. तुमच्या हातात २ लाख रोख कुणी ठेवत नाही. यातल्या कुठल्याही अर्जाला फाईल चार्ज नाही. माझ्या आतेबहिणीनं २,५०० भरले, मग ‘जीएसटी’ म्हणून आणखी ४,०००, मग तो नंबर लागेना. तुमचेही गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

चप्पलवाल्या काकांना मी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून दिली. आधार, पॅन आणि आधारशी जोडलेला मोबाईल एवढंच लागतं, कागद चढवावे लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं. मग त्यांनी शिशु मुद्राचे, म्हणजे मुद्रातल्या सगळ्यात छोट्या गटातले, ५०,००० काढले. आता त्यांच्या नावावर बँकेत हप्ता फेडल्याची नोंद आहे.

शनिवारी चारनंतर माझ्याकडे गिऱ्हाईक कमी असतं. ज्यांची उद्यम नोंदणी झालेली नाही त्यांनी आधार, पॅन आणि तो मोबाईल घेऊन दुकानात यावं, बसून भरून देते. सुभाषनगर, जवाहरनगरातल्या कारागिरांना हे कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल, त्यातले बरेच या ग्रुपवर नाहीत.