खुलासा : ‘स्पायडर-मॅन २’ गेम समीक्षकांनी नाकारला नव्हता

ठाणे आणि वाशीतल्या जुन्या गेम डिस्कच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे : ‘सिनेमावर काढलेला एकही सुपरहिरो गेम समीक्षकांना आवडला नाही, स्पायडर-मॅन २ सुद्धा पडला.’ हे चुकीचे आहे.

२००४ साली या एकाच नावाने वेगवेगळे गेम आले. ट्रेयार्क या कंपनीने प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या टीव्हीला जोडायच्या गेम मशिनसाठी केलेल्या गेमचे भरभरून कौतुक झाले. त्यात स्पायडर-मॅनचे झोका घ्यायचे जाळे गेममधल्या एखाद्या इमारतीलाच चिकटते, जवळ इमारत नसेल तर झोका मिळतच नाही. म्हणून वेग आणि उंची खेळणाऱ्याच्या हातात राहते. फुगे पकडून देण्यासारख्या त्याच त्या कामांवर टीका झाली, तीही रास्तच.

पीसीवरचा गेम दुसऱ्या कंपनीने केलेला, लहान मुलांसाठी सोपा केलेला. तिथे जाळे ठरावीक खुणांवरच लागते. नावे ठेवली गेली ती याला.

त्यामुळे डिस्क घेताना आधी कव्हरवर कोणत्या मशिनचे नाव आहे ते बघा. समीक्षकांचे गुण एकत्र देणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवरही त्याच मशिनचे गुण वाचा. बॅटमॅनचा ‘अर्कहॅम असायलम’ (२००९) हा गेम मात्र या वादात आणू नका; तो कोणत्याही सिनेमावर बेतलेला नाही.