स्फटिकाचं पाणी आणि मावशीची बीपीची गोळी

रविवारी मावशीकडे गेले तर बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर तशीच, नऊ दिवसांत एक गोळी काढलेली नाही. कारण व्हॉट्सॲपवरचा मेसेज: स्फटिक म्हणजे हिमालयात हजारो वर्षं गोठून दगड झालेला बर्फ, म्हणूनच तो काचेपेक्षा गार लागतो, त्यात ऊर्जा असते म्हणूनच घड्याळात वापरतात, आणि तो रात्रभर ठेवलेलं पाणी 21 दिवस प्यायलं की बीपीची गोळी कायमची सुटते. 1600 रुपयांची बाटलीही घेतलीय, बुडाशी टोकदार स्फटिक बसवलेली.

बर्फाचं आधी संपवते. ही चूक दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवलीय. स्फटिक, म्हणजे इंग्रजीत क्वार्ट्झ, हा सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून झालेला, त्यालाच सिलिका म्हणतात, आपली गारगोटी त्यातलीच. जमिनीखाली सिलिका विरघळलेलं गरम पाणी खडकाच्या भेगांत, पोकळ्यांत शिरतं आणि तिथे हळूहळू स्फटिक वाढतात. जळगाव-अजिंठ्याकडे काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही निघतात, तिथे कुठला आला हिमालयाचा बर्फ?

घड्याळाचं अर्धं खरं आहे, मान्य. स्फटिक दाबला की त्यावर विजेचा भार तयार होतो हे 1880 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूरी बंधूंनी दाखवलं, आणि उलट वीज दिली की तो थरथरतो, घड्याळातला सेकंदाला 32,768 वेळा. पण ती वीज सेलची असते हो! सेल संपला की घड्याळ बंद पडतं, मग स्फटिकातली ऊर्जा कुठे जाते?

खरा स्फटिक काचेपेक्षा गार लागतो हेही बरोबर, हाताची उष्णता पटकन ओढतो म्हणून.

आता पाणी. साध्या पाण्यात स्फटिक जवळपास विरघळतच नाही, विरघळत असता तर वाळू, जी बहुतेक त्याचीच असते, कधीच संपली असती, मग रात्रभरात बाटलीत उतरणार काय? मावशी म्हणते, "अगं, पण मला बरं वाटतंय ना." लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी 2001 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, 80 जणांपैकी काहींच्या हातात खरा स्फटिक दिला, काहींच्या हातात नकली, आणि ऊब, झिणझिण्या, हलकं वाटणं दोन्हीकडे सारखंच! ज्यांना आधी सांगून ठेवलं होतं की असं असं वाटेल, त्यांना जास्त वाटलं. आणि बीपी वाढलेलं बहुतेकदा जाणवतच नाही, त्यामुळे बरं वाटण्यावर गोळी कशी काय बंद करता? मी तिथेच मशीन लावलं, 172 वर 104. लगेच तिच्या डॉक्टरांना फोन लावला, संध्याकाळी त्यांच्याकडे नेऊनही आणलं. गोळी सुरू झालीय. ज्या ग्रुपवरून हे आलं तिथे मशीनचा फोटो टाकलाय मी, कोणाच्या घरी गोळी बंद केली असेल तर आजच बीपी मोजा.