पॉल लॉरी जिंकला होता!

जुन्या गोल्फ स्पर्धांचा विषय निघाला की १९९९ सालची ब्रिटिश ओपन निघतेच, आणि ती निघाली की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर चित्र एकच येतं. स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी मैदानाचा अठरावा, म्हणजे शेवटचा होल, आडवा वाहणारा बॅरी बर्न नावाचा ओढा आणि बूट-मोजे काढून, पँट दुमडून त्या पाण्यात उतरलेला फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द. सगळे हळहळतात, काही जण हसतात आणि गप्पा पुढच्या स्पर्धेकडे वळतात. त्या वर्षी क्लॅरेट जग हा विजेत्याचा करंडक कुणी उचलला, ते नाव कुणी काढतच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

जिंकला पॉल लॉरी. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचा हा खेळाडू पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत आला होता. गोल्फमध्ये सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो, आणि शेवटच्या दिवशी खेळायला उतरला तेव्हा तो आघाडीवरच्या खेळाडूच्या १० फटके मागे होता. अंतिम फेरीत एवढं मागून येऊन मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकण्याचा पराक्रम त्याआधी कुणीच केला नव्हता. आणि ते कार्नुस्टीही कसलं! अरुंद फेअरवे, बाजूला पाय रुततील असं माजलेलं गवत, वर वारा. चार दिवस झाल्यावर सर्वांत पुढे असलेले तिघेही पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, ६ फटके वर होते. अशा मैदानावर लॉरीने शेवटच्या दिवशी ६७ची फेरी काढली. मग बरोबरी सोडवायला चार होलचा प्लेऑफ. समोर व्हान द वेल्द आणि १९९७चा ओपन विजेता जस्टिन लेनर्ड. लॉरीने सतराव्यावर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली, अठराव्यावरही केली. त्याच अठराव्यावर! चार नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, मारलेला त्याचा दुसरा फटका ओढा ओलांडून झेंड्यापासून चारेक फुटांवर थांबला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या खेळाडूने स्कॉटलंडमध्येच ओपन जिंकली ती १९३१नंतर पहिल्यांदाच. एवढं सगळं करूनही तो लोकांच्या आठवणीत ‘दुसऱ्याने हातात दिल्यामुळे जिंकलेला’ म्हणून राहावा?

खरं तर आपण व्हान द वेल्दवरही अन्यायच करतो. तीन फटक्यांची आघाडी घेऊन तो अठराव्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) आला, तिथे सहा फटके घेतले असते तरी चाललं असतं. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडला लागून उसळला, ओढ्याच्या दगडी काठावर आपटला आणि मागे दाट गवतात जाऊन पडला. हे दुर्दैव होतं, मूर्खपणा नव्हे. त्यानंतर चेंडू पाण्यात, मग ड्रॉप (दंडाचा एक फटका घेऊन चेंडू बाहेर टाकणं), मग बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. सगळं हातातून निसटत असताना बंकरमधून बाहेर येऊन त्याने सात फटक्यांसाठीचा शेवटचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) घातला. तो पट गेला नसता तर प्लेऑफमध्ये त्याला जागाच नव्हती. तेवढ्या दडपणाखाली घातलेला तो पट मला पाण्यातल्या त्या फोटोपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आठवण कशी जपावी याचं उदाहरणही गोल्फमध्येच आहे. १९७७ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडचं टर्नबेरी. टॉम वॉटसन आणि जॅक निकलॉस. पहिल्या तीन फेऱ्यांत दोघांचे आकडे अगदी सारखे, ६८, ७० आणि ६५. चौथ्या दिवशी दोघे एकत्र खेळले आणि निकलॉस सुरुवातीलाच तीन फटके पुढे गेला. वॉटसनने ते भरून काढलं. पंधराव्यावर त्याने ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) बाहेरून पटरने मारलेला लांबलचक फटका थेट होलमध्ये गेला. सतराव्यावर निकलॉसचा छोटा पट हुकला आणि वॉटसन एकाने पुढे गेला. अठराव्यावर निकलॉसचा ड्राइव्ह (टीवरून मारलेला पहिला फटका) उजवीकडे काटेरी झुडपांपाशी गेला, तर वॉटसनचा दुसरा फटका झेंड्यापासून दोन फुटांवर. संपलं असं वाटावं, तर निकलॉसने झुडपांतून चेंडू ग्रीनवर आणला आणि तिथून बराच लांबचा पट घालून बर्डी केली! आता वॉटसनला ते दोन फूट घालावेच लागणार होते. त्याने घातले. २६८ विरुद्ध २६९. तिसरा आलेला ह्युबर्ट ग्रीन निकलॉसच्याही १० फटके मागे होता. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ग्रीनवरून निघाले. ही स्पर्धा सांगताना निकलॉस ‘हरला’ असं कुणी म्हणत नाही. दोन्ही नावं एका दमात घेतली जातात. मला १९९९साठी एवढंच हवंय.

१९९६च्या मास्टर्स या दुसऱ्या मेजरचीही १९९९सारखीच गत आहे. ग्रेग नॉर्मनने ६ फटक्यांची आघाडी घालवली हे प्रत्येकाला पाठ. शेवटच्या दिवशी त्याच्या शेजारून चालत निक फाल्डोने ६७ मारले, हे किती जण सांगतात? नॉर्मनचे ७८ झाले, त्यात फाल्डोच्या त्या शांत, न चुकणाऱ्या खेळाचा वाटा नव्हता असं मी मानणार नाही. समोरचा एकही फट देत नसला की पुढे असलेल्याच्या हातावर त्याचं ओझं येतंच. १९८६ला ४६ वर्षांच्या निकलॉसने मास्टर्सच्या ऑगस्टा मैदानावर शेवटचे नऊ होल ३० फटक्यांत संपवले, त्यावर मी वेगळं काय लिहू? तिथे आठवण विजेत्याच्या बाजूने आहे, आणि योग्य आहे.

सगळ्यांत अवघड आहे ती २००९ची ब्रिटिश ओपन. पुन्हा टर्नबेरी, पुन्हा वॉटसन, आता ५९ वर्षांचा. शेवटच्या होलवर पारइतकेच फटके घेतले असते तर त्याची सहावी ओपन. दुसरा फटका ग्रीनच्या मागे गेला, आठेक फुटांचा पट कमी पडला आणि प्लेऑफमध्ये पायांतली ताकदच सरली. मलाही वॉटसनच जिंकायला हवा होता, आजही वाटतं. पण स्ट्युअर्ट सिंकने त्या दिवशी बहात्तराव्या, म्हणजे चौथ्या फेरीच्या शेवटच्या होलवर बर्डीचा पट घातला म्हणून प्लेऑफ झाला. तो पट कुणी भेट म्हणून दिलेला नव्हता.

तुमच्यापैकी कुणी १९९९चा प्लेऑफ पहिल्या होलपासून पाहिला असेल तर जरूर लिहा. ओढ्याबद्दल नको. लॉरीची सतराव्यावरची बर्डी कशी झाली, ते सांगा.