साखर काय, कधीही मोजता येते

पुढची महासाथ कधी येईल ते कुणी सांगावं. पण येईल तेव्हा मधुमेही माणसाची तारांबळ उडू नये, म्हणून २०२०-२१ च्या कोरोनाकाळात घरोघरी सिद्ध झालेली काही तंत्रं इथे लिहून ठेवतो आहे. एरवी दर तीन महिन्यांच्या तपासणीतून सुटका करून घ्यायला आपल्याला काय काय सोसावं लागतं! मार्चएंड असतो, मग आंबे असतात, मग गणपती. पितृपंधरवड्यात कुठे सुया टोचून घ्यायच्या, आणि दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट काढणं म्हणजे फराळाचा अपमान. जानेवारीपासून नक्की, असं म्हणता म्हणता पुन्हा मार्चएंड. २५ मार्च २०२० ला मात्र सरकारनेच आपल्याला कारण घरपोच दिलं, वर घराबाहेर पडू नका म्हणून हातही जोडले.

हे कारण वापरायची एक रीत आहे. भाजी आणायला जाताना, रविवारी मटणाच्या रांगेत आणि मे महिन्यात वाइन शॉप उघडली तेव्हा तिथल्या रांगेत विषाणू तसा सौम्य असतो. मास्क हनुवटीवर असला तरी भागतं. दवाखान्याच्या पायरीपाशी मात्र तो एकदम चवताळतो. रोज संध्याकाळी आरोग्य विभागाचं पत्रक यायचं आणि दगावलेल्यांपैकी किती जणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते ते त्यात दिलेलं असायचं. ते ऐकून डगमगू नये. मधुमेह त्यांना होता. आपल्याला जरा शुगर आहे, तीही बॉर्डरवर, आणि गेली कित्येक वर्षं ती बॉर्डर सोडून कुठे गेलेली नाही.

सगळ्यात आधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, बंद करावी. फास्टिंग (उपाशीपोटीची) आणि पीपी (जेवणानंतर दोन तासांची) ही दोन मंडळी तशी सज्जन. रिपोर्टच्या आधी दोन दिवस भात सोडला, ज्वारीची भाकरी खाल्ली, संध्याकाळी मैदानाला चार चकरा मारल्या की ती आपला मान राखतात. एचबीएवनसी चुगलखोर आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरते ती हिमोग्लोबिनला चिकटून बसते. दोन दिवसांचं पथ्य तिच्यापुढे चालत नाही. २०२० च्या जूनमध्ये ज्यांनी ती करून घेतली, त्यांच्या रिपोर्टवर अख्खा लॉकडाऊन छापून आला: डालगोना कॉफी, कुकरमधला केक, घरी केलेली पाणीपुरी आणि कामवाल्या बाई येत नाहीत म्हणून बंद पडलेली पहाटेची चक्कर. (ती चक्कर बाईंमुळे कशी बंद पडली, हे विचारायचं नाही.) साखर आटोक्यात असेल तर ही तपासणी वर्षातून दोनदा आणि नसेल तर दर तीन महिन्यांनी करावी असं डॉक्टर सांगतात. आटोक्यात आहे की नाही हे कळायला ती करावी लागते, म्हणजे केलीच नाही तर कुठलाच नियम लागू होत नाही.

त्या वर्षी हापूस बागेतून थेट सोसायटीच्या गेटवर उतरत होता. आपण पेटी घेतली ती कोकणातला बागायतदार जगावा म्हणून. दुसरी घेतली तीही त्याच भावनेने. पिकलेला आंबा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही, त्यामुळे रात्री जेवल्यावर आणखी एक संपवावा लागला, याला नाइलाज म्हणतात. काढ्यातला गूळ तर मोजायचाच नसतो. तो औषधात गेला.

आता ग्लुकोमीटर. हे यंत्र प्रत्येक घरात असतं आणि कुठे ठेवलंय ते कुणालाच माहीत नसतं. शोधून काढा. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख वाचू नका. डबीचं झाकण अर्धवट उघडं राहिलेलं असलं तर उत्तम, पट्ट्यांना पावसाळ्याची दमट हवा लागली की आकड्यांना काही धरबंध राहत नाही. मग आंबा चिरून झाल्यावर त्याच हाताचं बोट टोचा. आकडा तीनशेच्या वर जाईल. घाबरून सॅनिटायझर चोळा, ते वाळायच्या आत पुन्हा टोचा, थेंब येत नाही म्हणून बोट पिळा. आता यंत्र आणखी काहीतरी तिसरंच सांगेल. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून, बोटाच्या कडेला टोचलं तर खरा आकडा येतो असं म्हणतात; पण घरातला वापरायचा नियम वेगळा आहे. आवडता आकडा येईपर्यंत मोजावं आणि आवडलेला वहीत लिहावा. सकाळी उपाशीपोटीच मोजावं. जेवणानंतर दोन तासांनी मोजून पट्टी वाया घालवू नये, त्या वेळचे आकडे मन खिन्न करतात.

एक पट्टी स्वस्त नसते, हे खरं. काटकसर मात्र सुईवर करावी. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणाऱ्या आणि वर्तमानपत्राला इस्त्री करणाऱ्या घरांतही एकच लॅन्सेट आजोबांपासून सुनेपर्यंत सगळ्यांच्या बोटांतून फिरली. घरचंच रक्त, त्यात काय!

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबवाल्या मुलाला बोलवायचा मोह होईल. तो आवरा. तो येतो पांढऱ्या किटमध्ये, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर "सी विंगमध्ये केस" असं पडलेलं असतं. पुढच्या वेळी सेक्रेटरी नियम करतात की रक्त खाली पार्किंगमध्येच द्यायचं. सकाळी सात वाजता, रिकाम्या पोटी, दोन स्कूटरच्या मध्ये ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बाही वर करून बसायचं आणि सगळ्या गॅलऱ्यांनी ते बघायचं. त्यानंतर वर जाऊन पोहे खायचे आणि दोन तासांनी पुन्हा खाली यायचं, कारण पीपी राहिलेली असते. दुसऱ्या खेपेला प्रेक्षक जास्त असतात. शेजारच्या वहिनी वरूनच ओरडून विचारतात, "ताप आहे का हो?" शुगरची तपासणी आहे असं सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसत नाही. धडधाकट माणूस साथीच्या दिवसांत शुगर कशाला तपासेल?

त्यापेक्षा व्हिडिओ कॉल बरा. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २५ मार्च २०२० लाच काढली, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, त्यामुळे हा मार्ग कायदेशीरही आहे. फोन अशा कोनात धरा की डॉक्टरांना तुमचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसेल. औषधं वेळेवर चालू आहेत, चालणं चालू आहे, पथ्य चालू आहे, हे एका दमात सांगून टाका. सौ. ऐकण्याच्या अंतरावर नसतील याची मात्र आधी खात्री करून घ्या.

"काका, कॅमेरा जरा खाली घ्या, पाय बघू."

"पाय एकदम ओके आहेत, डॉक्टर."

"अहो, परवा गच्चीवर अनवाणी फिरताना भाजलं ते सांगा ना!" असा आतून आवाज येतो.

"ते काही नाही हो, मला तर कळलंसुद्धा नाही!"

हे अभिमानाने सांगायचं. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या गच्चीवर तळव्याला फोड येतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही, म्हणजे केवढी ही सहनशक्ती! दवाखान्यात असतो तर डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवत, लागतं का, लागतं का, असं विचारलं असतं. १० ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा तो धागा. त्याचा स्पर्श कळला नाही तर पायाच्या नसा गेल्या असं समजतात. फोनमधून धागा बाहेर येत नाही, हा तंत्रज्ञानाचा केवढा मोठा फायदा आहे. डोळ्यांत थेंब घालून पडदा बघायची वार्षिक तपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन यांचीही पुढच्या वर्षावर बोळवण करावी. डोळा आणि मूत्रपिंड हे समंजस अवयव आहेत, बरंच बिघडेपर्यंत तक्रार करत नाहीत.

औषधांचं सोपं आहे. जुनी चिठ्ठी जपून ठेवा. घडीवर ती फाटली असेल तर चिकटपट्टी लावा. ओळखीचा मेडिकलवाला तारीख बघत नाही. साठा पुरावा म्हणून गोळी अर्धी करून घ्या. इन्सुलिनवाल्यांनी बाटली खराब होऊ नये म्हणून थेट फ्रीजरमध्ये टाकावी, म्हणजे ती गोठून कायमची निकामी होते आणि टोचायचा त्रास वाचतो. दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते. दुकानात नसेल तर १०० ची नारिंगी टोपीवाली आणून त्याच रेघेपर्यंत भरा. डोस निम्म्याहूनही कमी जाईल, पण सुई टोचल्याचं समाधान तेवढंच मिळेल.

साथीचा आजार झालाच, तर भाच्याच्या मित्राने पाठवलेली चिठ्ठी वापरावी. त्यात स्टिरॉइड असतं. ऑक्सिजनवर गेलेल्या रुग्णांसाठी ते आहे, पण आपण पहिल्याच दिवशी सुरू केलं तर आणखी लवकर बरं वाटेल असा हिशेब असतो. स्टिरॉइडने साखर भराभर चढते. ती मोजायची नाही हे वर सांगितलंच आहे. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण ज्या वेगाने वाढले, त्यांत न आवरलेली साखर आणि स्टिरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती. त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक गावोगाव फोन करत होते. कुणाचा जबडा काढला, कुणाचा डोळा. त्या महिन्यात पुष्कळ घरांतले ग्लुकोमीटर सापडले.

पण मधुमेहाने आपल्याला नुसता त्रासच दिला असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि सहव्याधी असेल तर ४५ ते ५९ वयाच्यांनाही. वीस आजारांची यादी निघाली. नुसती शुगर त्यात बसत नव्हती. मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंत झालेला हवा आणि सोबत उपचार चालू असलेलं ब्लडप्रेशरही हवं. काल परवापर्यंत जे बॉर्डरवर होते ते रातोरात आत घुसले. "मला २००९ पासून आहे!" "मला तर त्याच्याही आधीपासून, घरात कुणाला बोललो नाही एवढंच!" पार्किंगमधल्या खुर्चीवर बसायला लाजणारे लोक आता आपापल्या आजाराची ज्येष्ठता सिद्ध करत होते. सी विंगच्या सेक्रेटरींनाही मधुमेह असल्याचं याच आठवड्यात उघड झालं.

लशीसाठी लागणाऱ्या सहव्याधीच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र घात केला. "शेवटचा रिपोर्ट दाखवा," म्हणाले. तो होता जानेवारी २०२० चा. मग धावपळ, उपाशीपोटी रांग, एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिन, सगळं एकदम. आकडे पाहून डॉक्टरांनी सही तर केलीच, वर दोन गोळ्याही वाढवल्या. एवढं होऊन लशीची तारीख मिळेपर्यंत सरकारने जाहीर केलं की १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस, प्रमाणपत्राची गरज नाही. तपासणीचे पैसे पाण्यात गेले. पुढच्या वेळी निदान महिनाभर थांबा. लॅबवाले रिपोर्ट परत घेऊन पैसे देत नाहीत, विचारून झालेलं आहे.